तोफ उतरली, तेव्हा क्षेपणास्त्र चढलं

जानेवारी 2025 मध्ये नवी ‘नीलगिरी’ मुंबईत नौदलात दाखल झाली आणि जुन्या फ्रिगेटींच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांच्या, आठवणी निघाल्या. अशा गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘तेव्हा ब्रिटिश आपल्या गळ्यात भंगार मारायचे.’ जुनी नीलगिरी तर भंगार नव्हतीच. आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा असला, तरी ती बांधली माझगाव गोदीने आणि 1972 साली ती नौदलात आली. वापरलेली लिअँडर आपण एकच घेतली, 1995 मध्ये. तिचं मूळ नाव अँड्रोमेडा, आपल्याकडे आल्यावर ‘आयएनएस कृष्णा’.

पोर्ट्समथच्या गोदीत 1967 मध्ये तिचं जलावतरण झालं आणि पुढच्या वर्षी ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. आइसलँडबरोबरच्या मासेमारीच्या भांडणात, म्हणजे ‘कॉड युद्धा’त, तिने तिथल्या गस्ती जहाजाशी टक्कर घेतली. 1982 मध्ये ती फॉकलंडच्या युद्धात होती. त्याच ताफ्यातली विमानवाहू हर्मिस नंतर आपली ‘विराट’ झाली. 1993 मध्ये ब्रिटिशांनी अँड्रोमेडा निवृत्त केली. इथवर कोणत्याही जुन्या जहाजाचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच असतो. मला रस आहे तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोदीत तिच्यावर झालेल्या शस्त्रक्रियेत.

त्या वेळी तिच्यावर सी वुल्फ ही विमानवेधी क्षेपणास्त्रं आणि त्यांचा वजनदार रडार बसवायचा होता. त्यासाठी पुढच्या डेकवरची साडेचार इंची दुनळी तोफ गेली, मागची जुनी सीकॅट क्षेपणास्त्रं आणि पाणबुडीविरोधी मॉर्टरही गेला. इतकंच काय, धुरांड्याचा वरचा भागही छाटला. एका क्षेपणास्त्रासाठी धुरांडं का कापायचं?

जहाजाचं वजन तळाशी असतं, गुरुत्वमध्य खाली असतो, म्हणून जहाज उलटत नाही, अशी बहुतेकांची समजूत असते. फ्रिगेटच्या बाबतीत ती चूक आहे. तिथे गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या चांगलाच वर असतो. उत्प्लावन केंद्र म्हणजे जहाजाने जितकं पाणी बाजूला सारलं, त्या पाण्याच्या आकाराचा मध्य. पाण्याचा वर ढकलणारा जोर तिथून लागतो. जहाज उजवीकडे कललं की उजवी बाजू जास्त बुडते आणि हे केंद्र उजवीकडे सरकतं. सरकलेल्या केंद्रातून सरळ वर रेघ काढा. ती जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तर वजन आणि पाण्याचा जोर मिळून जहाजाला पुन्हा सरळ करतात. खाली असेल तर तेच दोघे त्याला आणखी कलवतात. या दोन बिंदूंमधलं अंतर अशा जहाजांत साधारण मीटरभर असतं. सव्वाशे मीटरच्या आतबाहेर लांबीचं जहाज, आणि त्याचं सरळ उभं राहणं एवढ्याशा फरकावर!

क्षेपणास्त्रं आणि त्यांचा रडार उंचावर बसवले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि हे अंतर आटतं. म्हणून वरचं दुसरं काहीतरी काढावं लागतं.

अंतर वाढवायचा दुसरा रस्ता म्हणजे मेटासेंटरच वर नेणं. उत्प्लावन केंद्रापासून मेटासेंटरची उंची काढायचं सूत्र छोटं आहे: पाण्याच्या पातळीवर जहाजाचा जो आडवा छेद मिळतो त्याचं जडत्व (तो आकार मध्यरेषेपासून किती बाहेर पसरलाय याचं माप), भागिले बुडालेलं घनफळ. हे जडत्व रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. पहिल्या लिअँडर 41 फूट रुंद होत्या. शेवटच्या दहा 43 फुटी केल्या आणि अँड्रोमेडा त्यांतलीच. रुंदी पाच टक्केही वाढली नाही, जडत्व मात्र 15 टक्क्यांनी वाढलं. (घनफळही थोडं वाढतं, म्हणून हा सगळाच नफा नव्हे.) मग अंतर हवं तेवढं का वाढवू नये? तर ते फार वाढलं की जहाज ताठ होतं आणि झटके देत डुलतं. तेरा मीटर रुंदीचं जहाज, अंतर एक मीटर, तर एक हेलकावा साधारण साडेदहा सेकंदांचा. अंतर दीड मीटर केलं तर साडेआठ. त्या दोन सेकंदांत माणसांची पोटं ढवळतात आणि नेमबाजीही बिघडते.

हाच घन उलटा कसा फिरतो ते मुंबईने पाहिलं. 30 जानेवारी 2011 रोजी लिअँडर घराण्यातल्याच ‘विंध्यगिरी’ची मुंबई बंदराजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि आग लागली. माणसं सुखरूप बाहेर आली, पण दुसऱ्या दिवशी धक्क्याला लागलेलं जहाज कलून बुडालं. आग विझवताना ओतलेलं पाणी जहाजातच साठतं. पाण्याने भरलेली परात उचलून चालून पाहा: जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं. दहा मीटर लांब, बारा मीटर रुंद दालनात असं मोकळं पाणी साचलं, तर तीन हजार टनांच्या जहाजाच्या त्या मीटरभर अंतरातलं जवळजवळ अर्धा मीटर एका फटक्यात जातं. पाणी गुडघाभर आहे की कमरेएवढं, याने या हिशोबात फारसा फरक पडत नाही; फरक पडतो तो दालनाच्या रुंदीच्या घनाने. दालनाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक बल्कहेड, म्हणजे जहाजातली पाणी अडवणारी भिंत, घातली, तर तोटा चौथाईवर येतो. अर्ध्या रुंदीचा घन एक अष्टमांश, आणि अशी दालनं दोन.

जहाजाचं नाव बदललं की अपशकुन होतो, असं खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. विंध्यगिरीचं नाव कोणी बदललं नव्हतं. अँड्रोमेडाची कृष्णा झाली आणि कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यात 2012 पर्यंत निर्धोक चालली.

त्या रुंद दहांपैकी सी वुल्फ बसली फक्त पाचांवर. उरलेल्या पाच तोफेसकट परदेशी गेल्या: दोन पाकिस्तानला, दोन चिलीला, एक न्यूझीलंडला. बदललेल्या पाचांतून दुसऱ्या नौदलाकडे गेली एकटी अँड्रोमेडा. तीही आपल्याकडे लढायला नाही, तर नौदलात नव्याने आलेल्या पोरांना समुद्राची सवय लावायला, म्हणून तिची क्षेपणास्त्रं उतरवलेली होती.

अशा प्रत्येक मोठ्या फेरबदलानंतर गुरुत्वमध्य नव्याने शोधावा लागतो, आणि त्याची चाचणी अजूनही साधीच आहे. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, मोजलेली वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची. आत लांब दोरीला ओळंबा टांगलेला असतो आणि तो डोलत राहू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या भांड्यात बुडवलेलं असतं. ओळंबा पट्टीवर किती मिलिमीटर सरकला ते वाचायचं. त्यावरून तो मीटरभराचा आकडा निघतो.