रुळांच्या कडेचं गाव

रेल्वेची छोटी प्रतिकृती उभारण्याचा छंद जुना, पण तिच्या कडेला खरे वाटतील असे रस्ते आणि घरं करण्याची ओढ त्या मानानं अलीकडची. १८९१ साली जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं लायपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले, तेव्हा सगळं कौतुक इंजिनाचं होतं. स्टेशन म्हणजे रंगवलेला पत्रा.

इंग्लंडात १९३०च्या दशकात जॉन आहर्न यांनी पुठ्ठ्याची घरं करून रुळांभोवती अख्खं गाव वसवलं. मूळचे ऑस्ट्रेलियाचे रॉय इंग्लंड नावाचे गृहस्थ ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतली गवती छपरांची घरं भराभर बदलताना पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी ती नीट टिपून ठेवली आणि १:७६ प्रमाणात, म्हणजे मूळच्या शहात्तराव्या हिश्श्याएवढी, उभी करायला घेतली. त्यातूनच १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय सुरू झालं. माझ्या मते या छंदाला खरं वळण इथं लागलं. आपण कुठलं गाव उभं करतोय, याला गाडीइतकीच किंमत आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर फालरसारख्या कंपन्यांचे घरांचे प्लास्टिकचे संच आले. काम सोपं झालं, पण ती घरं जर्मन डोंगराळ मुलखातली. मिरजेच्या माळावर ती परकीच दिसणार.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. सातारा-सांगलीकडं मात्र हात तयार होतो तो दिवाळीच्या किल्ल्यावर. चिखलात बुडवलेल्या पोत्याचा डोंगर, अळिवाची हिरवळ, विटेच्या भुकटीचा रस्ता. हे शिक्षण लहान नव्हे.

आणि विषय तर दारातच आहे. मिरज हे एकेकाळी तिन्ही गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या तिन्ही मापांचं, जंक्शन. पुण्याकडची मीटरगेज १९७०च्या आसपास ब्रॉडगेज झाली. १९२७ साली मिरजेला पोचलेली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज मात्र या शतकापर्यंत पंढरपूरचे वारकरी नेत राहिली. १:८७ प्रमाणात ते गेज बाजारात मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळांवर जवळपास तंतोतंत बसते. ब्रॉडगेजला १९ मिलिमीटर हवेत आणि तयार रूळ असतात साडेसोळाचे. म्हणून जुनं मिरज करायचं तर नॅरोगेजपासून सुरुवात करावी.

घरांना काळ्या दगडाचं जोतं, पुढं ओसरी, वर मंगळुरी कौलं. या प्रमाणात एक कौल जेमतेम पाच मिलिमीटरचं होतं. ती सुटी कापत बसू नये. ओळीच्या पट्ट्या कापून वळचणीकडून आढ्याकडे एकीवर एक चढवाव्यात. सांगलीच्या नदीकाठचं घर असेल तर भिंतीवर पुराची मातकट रेघ हवीच. २००५ आणि २०१९ च्या पुरांनंतर ती टाळणं म्हणजे गाव खोटं करणं.

रस्त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी, कारण बहुतेक मांडण्या तिथंच फसतात. डांबर काळं कुळकुळीत रंगवू नये. ऊन खाल्लेलं डांबर राखाडी असतं. साडेपाच मीटरचा रस्ता सव्वासहा सेंटिमीटर रुंद येतो. त्याच्या कडा सरळ ठेवू नयेत, जागोजागी कुरतडाव्यात, मधोमध तेलाचे पुसट डाग द्यावेत. साइडपट्टीला पातळ फेव्हिकॉल लावून वस्त्रगाळ केलेला मुरूम भुरभुरावा. तो आपल्याच भागातला घ्यावा. नुसत्या रंगानं ती तांबूस छटा येत नाही.