मॉर्मनांना आधी हाकलले, बहुपत्नीत्व नंतर कळले

मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथाचे नाव निघाले की बहुतेकांना बहुपत्नीत्व आठवते. अमेरिकेत या पंथाला झालेला विरोधही त्यापायीच झाला असणार, असे गृहीत धरले जाते. सनावळी मात्र वेगळे सांगते. पंथाने बहुपत्नीत्वाची जाहीर कबुली दिली १८५२ मध्ये. तोवर ओहायो, मिसूरी आणि इलिनॉय या तीन राज्यांतून त्यांचे बस्तान उठले होते आणि संस्थापकाचा खून होऊन आठ वर्षे लोटली होती.

संस्थापक जोसेफ स्मिथ हा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८०५ चा. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात तो वाढला. तिथे तेव्हा गावोगाव धर्मजागृतीच्या सभा भरत आणि नवे प्रवचनकार, नवे पंथ उगवत. देवदूताने सोन्याचे कोरीव पत्रे दिले, त्यांचे दैवी शक्तीने भाषांतर केले, असे सांगत स्मिथने १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापले. पाच हजार प्रतींच्या खर्चासाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने जमीन गहाण टाकली. त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली. देव आजही बोलतो आणि बाकीची सगळी चर्चे वाट चुकली आहेत, हे त्यांचे म्हणणे शेजाऱ्यांना झोंबणारच. १८३२ मध्ये ओहायोत जमावाने स्मिथला घरातून ओढून काढले आणि अंगाला डांबर फासून पिसे चिकटवली. पण अख्खी वस्ती उठवण्यापर्यंत मजल गेली ती मिसूरीत, आणि तिथला वाद निव्वळ धर्माचा नव्हता.

१८३१ मध्ये स्मिथने मिसूरीच्या जॅक्सन काउंटीतले (जिल्ह्यातले) इंडिपेन्डन्स हे गाव म्हणजेच भावी ‘झायन’, देवाची पवित्र नगरी, असे जाहीर केले. दोन वर्षांत तिथे हजारावर मॉर्मन येऊन राहिले. आधीचे रहिवासी बहुतांशी दक्षिणेकडचे, गुलामगिरी मानणारे. नवे आलेले उत्तरेकडचे. ते गटाने जमिनी घेत, आपसांतच व्यवहार करत आणि ही भूमी देवाने आम्हाला दिली आहे असे उघड बोलत. त्यात जुलै १८३३ मध्ये मॉर्मनांच्या वृत्तपत्रात मुक्त कृष्णवर्णीयांबद्दलचे राज्याचे कायदे समजावणारा मजकूर आला. गुलाममालकांनी तो आमंत्रण म्हणून वाचला. संपादकाने तातडीने खुलासा छापला, पण व्हायचे ते झाले. २० जुलैला जमावाने छापखाना उद्ध्वस्त केला, बिशप एडवर्ड पार्ट्रिज यांना डांबर फासले. नोव्हेंबरात सगळ्यांना नदीपार हुसकावले. जमावाच्या पुढाऱ्यांनी आपली कारणे लिहूनच काढली होती. उद्या शेरीफ आणि न्यायाधीशही मॉर्मनच असतील, ही धास्ती त्यात स्पष्ट आहे. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. शेजाऱ्यांना खुपत होती ती एकगठ्ठा मते.

राज्याने तोडगा म्हणून १८३६ मध्ये मॉर्मनांसाठी कॉल्डवेल ही वेगळी काउंटी काढून दिली. पण ओहायोतली त्यांची बँक १८३७ मध्ये बुडाली, अनुयायांत फूट पडली आणि स्मिथसह बरेच जण मिसूरीत आले. वस्ती आजूबाजूच्या काउंटींत पसरली. ६ ऑगस्ट १८३८ ला गॅलाटिन गावी मॉर्मनांना मतदानापासून अडवण्यावरून लाठ्याकाठ्या चालल्या आणि पुढचे तीन महिने दोन्ही बाजूंनी जाळपोळ झाली. दोन्ही बाजूंनी, हे मुद्दाम लिहितो. मॉर्मनांतही ‘डॅनाइट’ नावाची गुप्त टोळी उभी राहिली होती आणि गॅलाटिनची दुकाने त्यांनीच लुटून जाळली. ऑक्टोबरअखेर राज्याच्या मिलिशियाशी, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाशी, त्यांची चकमक झाली. ती फुगवलेल्या स्वरूपात गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांच्या कानी गेली. बॉग्ज स्वतः जॅक्सन काउंटीचेच रहिवासी. २७ ऑक्टोबरला त्यांनी हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजावे, आणि त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर घालवावे. हा हुकूम रीतसर मागे घेतला गेला १९७६ मध्ये.

३० ऑक्टोबरला हॉन्स मिल या छोट्या वस्तीवर हल्ला झाला. पुरुष आणि मुले लोहाराच्या दुकानात लपली. ओंडक्यांच्या फटींतून बाहेरून गोळ्या झाडल्या गेल्या. १७ जण मेले, त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. स्मिथला पकडून गोळ्या घालण्याचा आदेश अलेक्झांडर डोनिफन या मिलिशिया अधिकाऱ्याने साफ धुडकावला, म्हणून तो वाचला. हजारो माणसे भर थंडीत इलिनॉयकडे निघाली. तिथल्या क्विन्सी गावाने त्यांना आसरा दिला, हेही नोंदवायला हवे.

दाद मागायला स्मिथ वॉशिंग्टनला गेला. पण धर्मस्वातंत्र्याची घटनादुरुस्ती त्या काळी फक्त केंद्र सरकारला बंधनकारक होती, राज्यांना नव्हे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मिसूरीच्याच न्यायालयाकडे बोट दाखवले.

मग मॉर्मनांनी स्वतःची तटबंदी उभारली. मिसिसिपीकाठी नॉवू शहर, त्याची स्वतंत्र सनद, स्वतःची न्यायालये, स्वतःची फौज, महापौर स्मिथच. शेजारी पुन्हा बिथरले. १८४४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. त्याच जूनमध्ये पंथातल्याच नाराजांनी काढलेल्या एका पत्राने त्याचे गुप्त बहुविवाह आणि एकाधिकार उघड केले. महापौराच्या हुकमाने तो छापखाना मोडण्यात आला. अकरा वर्षांपूर्वी आपलाच छापखाना मोडलेला पाहिलेल्या लोकांनी हे करावे! अटकेत असताना २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. आरोपी पुढे निर्दोष सुटले.

इलिनॉयही सुटले. स्मिथनंतर नेतृत्व हाती घेतलेल्या ब्रिगहॅम यंगच्या मागून १८४७ मध्ये मॉर्मन आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तेव्हा ती भूमी मेक्सिकोची होती. पुढच्याच वर्षी ती अमेरिकेकडे गेली आणि जुना संघर्ष तिथेही पोचला. सप्टेंबर १८५७ मध्ये, अमेरिकी फौज चाल करून येत असल्याच्या भीतीत, मॉर्मन मिलिशियाने माउंटन मेडोज येथे सुमारे १२० निःशस्त्र प्रवाशांची कत्तल केली.

बहुपत्नीत्व अग्रभागी आले ते या टप्प्यावर. रेनॉल्ड्स या मॉर्मनावरच्या बहुविवाहाच्या १८७९ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, श्रद्धेला सूट आहे पण कृतीला नाही, हे सांगताना पतीच्या चितेवर जळून जाणे धर्मकर्तव्य मानणाऱ्या स्त्रीचे उदाहरण दिले. सतीची चाल अशी तिकडच्या निकालपत्रात गेली. १८९० मध्ये चर्चने नव्या बहुविवाहांना मनाई जाहीर केली. पण युटाला राज्याचा दर्जा मिळायला आणखी एक गोष्ट करावी लागली. मॉर्मनांचा स्वतःचा ‘पीपल्स पार्टी’ हा पक्ष १८९१ मध्ये विसर्जित झाला, त्याचे मतदार डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन पक्षांत वाटले गेले आणि १८९६ मध्ये युटा राज्य झाले.