कुलमुखत्यारपत्र आणि कोर्टाने दिलेलं पालकत्व: आई केअर सेंटरमध्ये असेल तर हा फरक आधी समजून घ्या

आईला केअर सेंटरमध्ये दाखल केलं त्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी आधार, रिपोर्ट, डिपॉझिटचा चेक सगळं घेतलं आणि मग विचारलं, पीओए, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, आपलं कुलमुखत्यारपत्र, आहे का? मी म्हटलं आहे, दोन वर्षांपूर्वीच केलंय. त्या म्हणाल्या मग काही प्रश्नच नाही, आता आजींचं सगळं तुम्हीच सांगायचं, त्यांना विचारत बसायला नको. आई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिला हळू बोललेलं ऐकू येतं, सगळं कळत होतं, आणि ती काहीच बोलली नाही. ते गप्प बसणं मला आजही आठवतं. नंतर वकिलांकडे दोन-तीन चकरा झाल्या तेव्हा समजलं की त्या बाई जे म्हणत होत्या ते पीओएचं वर्णनच नव्हतं, ते पालकत्वाचं होतं, आणि तेसुद्धा अर्धवट. आपल्याकडे या दोन गोष्टींची भयंकर सरमिसळ होते म्हणून सविस्तर लिहितेय.

कुलमुखत्यारपत्र म्हणजे आईने स्वतः, शुद्धीवर असताना, समजून उमजून तुम्हाला दिलेला अधिकार, की माझ्या वतीने बँकेत जा, भाडं गोळा कर, सही कर. पालकत्व म्हणजे आईला आता स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत हे कोर्टाला पटल्यावर कोर्टाने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं कारण दोन्हीकडे सही तुमची आणि नाव आईचं. पण पहिल्यात मालक आईच असते, तुम्ही तिचं काम करणारे. ती उद्या म्हणाली की नको, मी हे रद्द करते, तर साधारणपणे ते रद्द होतं, तिने फक्त तुम्हाला आणि जिथे जिथे तो कागद दिलाय तिथे लेखी कळवायचं, लोक पेपरात जाहीर नोटीसही देतात. आणि तिने एक सांगितलं, तुम्ही दुसरं सांगितलं, तर तिचं खरं.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती. आपण हा कागद करतो तोच मुळी या विचाराने की उद्या आईला काही कळेनासं झालं तर हाताशी असावा. आणि आपल्याकडचा कायदा सांगतो की नेमकं तेव्हाच तो संपतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१, त्यात स्पष्ट आहे की अधिकार देणारी व्यक्ती वारली किंवा तिचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपली. तर्क साधा आहे, तुम्ही आईच्या वतीने वागताय, पण आईलाच जर स्वतःचं मत उरलं नाही तर तुम्ही कोणाच्या वतीने वागताय?

माझा दादा न्यू जर्सीत असतो, त्याला हे पटेचना. तो म्हणे तिकडे तर लोक खास त्याच्यासाठीच पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करतात. बरोबर आहे त्याचं, तिकडे ड्युरेबल नावाचा प्रकार आहे, इंग्लंडात लास्टिंग म्हणतात, तो माणसाची समज गेल्यावरही चालतो. आपल्याकडे तसा प्रकार कायद्यात नाही. कागदावर कितीही लिहा की माझी मानसिक स्थिती बिघडली तरी हे चालू राहील, त्या ओळीवर विसंबू नका. परदेशात असलेल्या बऱ्याच मुलांचा इथेच घोळ होतो. आणि त्यांच्यासाठी अजून एक, ते आईच्या वतीने नाही तर स्वतःच्या वतीने इथल्या भावंडाला पीओए पाठवणार असतील तर तो तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (कागद खरा आहे असा तिथल्या सरकारचा दाखला) किंवा कॉन्सुलेटचा शिक्का घेऊन यायला हवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला हवा, हे राहून गेलं की ऐन वेळी कागद हातात असून उपयोग नसतो.

मग केअर सेंटरमध्ये पीओए कशाला लागतो? तर फी भरायला, करारावर सही करायला, डिपॉझिट परत घ्यायला, पेन्शनच्या बँकेशी बोलायला, सोसायटीला पत्र द्यायला. एवढंच. आईला कोणी भेटायचं, तिचा फोन तिच्याकडे ठेवायचा की ऑफिसात, तिची खोली बदलायची का, सकाळी किती वाजता आंघोळ, या गोष्टी मुखत्यारपत्रातून तुमच्याकडे येत नाहीत. आमच्या ओळखीत एका घरात भावाभावांचं फ्लॅटवरून भांडण होतं आणि एका भावाने सेंटरला सांगून ठेवलं की दुसऱ्याला आत सोडायचं नाही, पीओए माझ्याकडे आहे. सेंटरने ऐकलं. वडील चांगले बोलते चालते, रोज विचारायचे तो का येत नाही. हे चूक आहे, साफ चूक आहे, ज्या कागदाच्या जोरावर वडिलांना त्यांच्याच मुलापासून तोडलं त्या कागदात तसला अधिकार नव्हताच.

इथे कोणी म्हणेल, पण आईला डिमेन्शिया आहे, तिला काय कळतंय. थांबा. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्याच दिवशी समज गेली असं नसतं. दुपारी काय जेवली ते विसरेल पण फ्लॅट विकायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक असेल. बऱ्याच जणांची संध्याकाळ वाईट जाते आणि सकाळ स्वच्छ असते, म्हणून काही महत्त्वाचं विचारायचं तर सकाळी विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये उपचारांच्या निर्णयांबद्दल फार चांगलं लिहिलंय: दिलेली माहिती समजत असेल, किंवा निर्णयाचा परिणाम कळत असेल, किंवा बोलून, खुणेने, हावभावाने सांगता येत असेल, तर त्या माणसाला निर्णयक्षमता आहे असं धरायचं, आणि दुसऱ्यांना तो निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. ते शेवटचं वाक्य प्रत्येक सेंटरच्या ऑफिसात भिंतीवर लावायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू, पालकत्व. समजा खरोखरच आईला काही उमजत नाही, किंवा ती कोमात आहे, आणि तिच्या एफडी मोडल्याशिवाय सेंटरचा खर्च भागत नाही. लोकांना वाटतं जिल्हा कोर्टात एक अर्ज दिला की गार्डियन होता येतं. पण ते इतकं सरळ नाही. १८९० चा जो पालक आणि पाल्य कायदा आहे तो अज्ञान, म्हणजे वयाने लहान, मुलांसाठी आहे. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुअपंगत्व यांच्यासाठी, त्यात म्हातारपणचा डिमेन्शिया बसत नाही. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात पालक आणि मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, पण २०१७ चा कायदा आला आणि ती सोय गेली, त्या कायद्यात तिच्या जागी काही आलंच नाही. म्हणून मग लोक हायकोर्टात जातात, घटनेच्या कलम २२६ खाली. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमायची पद्धत घालून दिली, आणि २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने कोमात असलेल्या नवऱ्यासाठी बायकोला पालक नेमलं, शिवाय तिच्या कामावर लक्ष ठेवायला राज्य विधी सेवा प्राधिकरणाला सांगितलं.

हे लक्ष ठेवणंच दोन्हीतला मोठा फरक आहे. मुखत्यारपत्रावर तुम्ही काय करताय हे बघणारी एकटी आई, आणि ती बघू शकत नसेल तर कोणीच नाही. पालकत्वात आधी डॉक्टरांचं बोर्ड तपासतं, वारस कोण कोण आहेत, त्यांचं म्हणणं काय, मालमत्ता किती, हे सगळं अ‍ॅफिडेव्हिटवर द्यावं लागतं, केरळच्या पद्धतीत तर महसूल अधिकारी प्रत्यक्ष भेट देऊन येतो आणि नेमलेल्या पालकाने दर सहा महिन्यांनी कोर्टाला हिशेब द्यायचा असतो. पालक नीट वागला नाही तर दुसरं भावंड कोर्टात जाऊन त्याला काढायला लावू शकतं. वेळ लागतो, वकिलाची फी लागते, मनस्ताप होतो हे खरं, पण ज्या आईला आता तक्रारही करता येत नाही तिच्यासाठी ही तपासणी हवीच, मला तरी ती जाचक वाटत नाही. आणि पालक झालात तरी आदेशात लिहिलंय तेवढंच करता येतं, फ्लॅट विकायचा असेल तर ते वेगळं मागावं लागतं.

बरेच जण काय करतात, आईची समज गेल्यावरही जुना पीओए दाखवत राहतात, कोणी विचारत नाही तोवर चालतं. पुढे एखादा भाऊ उठतो, व्यवहाराच्या तारखेच्या आधीचे आईचे रिपोर्ट काढतो आणि प्रत्येक व्यवहार वादात येतो. औषधपाण्यासाठीच पैसे काढले होते हे मग सिद्ध करत बसावं लागतं.

हायकोर्टापर्यंत जायची वेळच येऊ नये म्हणून आई ठीक असताना काही साध्या गोष्टी करून ठेवता येतात. खातं जॉइंट आणि आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणाचीही एकट्याची सही चालेल असं, करा, रोजचा खर्च त्यातून भागतो, पण एफडीवर काय सूचना लिहिलीय ते वेगळं तपासा. नुसतं नॉमिनी असून आई हयात असेपर्यंत काही उपयोग नाही. आईचा हात चालत नसेल, सही जुळत नसेल तर बँक परत पाठवते ना, त्यावर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, आणि पैसे कोण नेणार हे खातेदाराने दाखवायचं. मी हे शाखेत सांगितलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हतं, मॅनेजरना होतं. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवेची सोय द्यायला २०१७ पासून बँकांना सांगितलेलं आहे, सेंटरचा पत्ता देऊन मागा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवरही होतो, त्यासाठी आईला रिक्षात घालून नेऊ नका.

उपचारांचं पण तसंच. पीओए दिला म्हणजे उपचारांचे निर्णयही दिले असं समजू नका. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे आई साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकते, मानसिक उपचारांपुरता. व्हेंटिलेटर वगैरे शेवटच्या गोष्टींसाठी लिव्हिंग विल आहे, म्हणजे असे उपचार हवेत की नकोत हे आधीच लिहून ठेवणं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

आणि पीओए करणारच असाल (करा, आई ठीक असेपर्यंत तो उपयोगी आहेच) तर कुलमुखत्यारपत्राऐवजी खास मुखत्यारपत्र करा, म्हणजे कोणकोणती कामं ते मोजून लिहा. घर विकणं किंवा बक्षीस देणं त्यात नको. त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा की हिला सगळं समजतंय. हिशेब दुसऱ्या भावंडाला दाखवायचा अशी ओळ घाला, मी घातलीय, दादाने सांगितलं नव्हतं तरी. एक सावधान, पीओए करायचाय म्हणून आईला नेतात आणि बक्षीसपत्रावर सही घेतात असे प्रकार होतात. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि मग सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं, पण ती अट कागदात लिहिलेली असली तर काम सोपं जातं. आईला स्वतःला तक्रार करायची असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या उशाशी ठेवा, तुमच्याविरुद्ध तक्रार असली तरी तिला तो माहीत हवा.

मी पुढच्या महिन्यात सेंटरमध्ये गेले आणि फाइल परत उघडायला लावली. पीओएची झेरॉक्स मागे सरकवली आणि पुढे आईच्या सहीचा एक कागद लावला, तिने सांगितलं तसं मी लिहिलं: भेटायला कोणीही येऊ दे, खोली बदलायची तर आधी मला विचारा, नवीन गोळी सुरू केली तर कशाची ते मला सांगा. सही करायच्या आधी तिने पेन माझ्या हातून घेतलं आणि खाली स्वतःच एक ओळ वाढवली, रविवारी मामाचा फोन आला तर मला झोपेतून उठवावे.