घरगुती गॅरेजची फरशी (कोल्हापूर परिसर)

घरगुती गॅरेजची फरशी : घराच्या आवारात, पोर्चमध्ये किंवा स्टिल्टखाली (इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळाशी) वाहन उभे करण्याच्या जागेवर घातलेला, ओझे, पाणी, तेल आणि घासणे सोसणारा तळ. कोल्हापुरात ही जागा निव्वळ मोटारीची क्वचितच असते. एकाच फरशीवर चारचाकी, दोन-तीन दुचाक्या, खताची पोती आणि औषधफवारणीचा पंप असतो. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या घरांत ट्रॅक्टरही तिथेच येतो. घरात कार्य निघाले की गाड्या बाहेर काढून पंगतही तिथेच बसते. अशी फरशी किती वर्षे टिकेल हे मुख्यतः तिच्या खालची जमीन आणि पाण्याची वाट ठरवते. दुकानात मात्र निवड वरच्या थराच्या रंगावरून होते आणि बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होते.

कोल्हापूरची जमीन बेसॉल्ट खडकाची आहे, पण सगळीकडे सारखी नाही. टेंबलाई टेकडी, सागरमाळ अशा उंच भागात थोडे खणले की मुरूम लागतो. पंचगंगेकडे उतरत जावे तसा काळ्या मातीचा थर जाड होत जातो. या मातीतील माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, म्हणून मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चार इंचांच्या काँक्रीटमध्ये हा फुगवटा दाबून ठेवण्याची ताकद नसते. घराच्या भिंती खोलवरच्या पायावर उभ्या असतात, गॅरेजची फरशी मात्र केवळ भरावावर टेकलेली असते. त्यामुळे घर जागेवर राहते आणि फरशी तेवढी उचलते किंवा खचते. पहिली भेग भिंतीच्या कडेने पडते ती यामुळेच. काळ्या मातीच्या प्लॉटवर गॅरेजपुरती तरी ती दीड-दोन फूट काढून मुरूम भरावा आणि सहा-सहा इंचांचा एकेक थर पाणी मारून धुमसाने बसवावा. काँक्रीटच्या फरशीसाठी याला पर्याय नाही.

प्रत्यक्षात भरावासाठी बांधकामाचा उरलासुरला राडारोडा जातो : विटांचे तुकडे, प्लास्टरची खरवड, सिमेंटची रिकामी पोती. पोती कुजत नाहीत, पण दबतात आणि खाली पोकळी राहते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांमुळे साच्याची वापरलेली वाळूही इथे सहज हाताशी असते. तिच्यात बेंटोनाइट मिसळलेले असते, आणि बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी मातीच आहे. काळी माती काढून तिच्या जागी ही वाळू भरण्यात काही अर्थ नाही.

भरावावर डबराचे (ओबडधोबड दगडांचे) नऊ इंची सोलिंग उभे लावून फटी मुरमाने व कचाने (दगडाच्या चुऱ्याने) बुजवतात आणि मग काँक्रीट ओततात. काँक्रीटच्या या थराला फार ताकद लागते असा समज आहे, तो तपासून पाहण्याजोगा आहे. लहान मोटारीचे वजन साधारण एक टन असते, म्हणजे एका चाकाखाली सुमारे २५० किलो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो जवळपास त्यातील हवेच्या दाबाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. एम २० प्रतीचे (ही काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) काँक्रीट २८ दिवसांनी तेवढ्याच जागेवर सुमारे २०० किलो सोसते. चिरडून काँक्रीट फुटण्याचा प्रश्नच येत नाही. ते फुटते वाकल्यामुळे : खालचा भराव बसतो, पोकळी होते आणि चाक तिच्यावर आले की थर मोडतो. दुचाकीची गोष्ट वेगळी आहे. साइड स्टँडवर कललेली १९० किलोंची बुलेट आपला भार अंगठ्याएवढ्या पत्र्यावर टेकवते. मोटारीखाली वर्षानुवर्षे टिकलेली टाइल स्टँडखाली महिन्याभरात तडकते ती यामुळे.

सर्व बाजूंनी विचार करता साधी, खडबडीत ठेवलेली काँक्रीटची फरशी कोल्हापूरला सर्वाधिक मानवते. मोटारीसाठी चार इंच जाडी पुरते. ट्रॅक्टर किंवा भरलेला टेम्पो येणार असेल तर पाच-सहा इंच जाडी आणि सळईची जाळी हवी. जाळी तळाशी पडून न राहता थराच्या वरच्या भागात, पृष्ठभागापासून दीड-दोन इंच खाली बसावी, म्हणजे भेगा उघडत नाहीत. उतार दरवाजाकडे साधारण ८० फुटांना एक फूट, म्हणजे अठरा फूट लांबीत पावणेतीन इंच. हा उतार डोळ्याला जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. आठ-दहा फुटांवर जोड ठेवावा किंवा दुसऱ्या दिवशी यंत्राने जाडीच्या पाव खोलीची रेघ कापावी. काँक्रीट आकसताना कुठेतरी तडकणारच, ते आपण आखलेल्या रेघेत तडकावे एवढाच तिचा हेतू. भिंतीला लागूनही अर्धा इंच फट ठेवून ती लवचिक मसाल्याने भरावी.

सर्वात जास्त नासधूस पाण्याने होते, आणि तीही दोन्ही बाजूंनी. काँक्रीट सहज पसरावे म्हणून मिश्रणात जास्तीचे पाणी ओतले जाते. ते नंतर उडून जाते आणि वरचा थर भुसभुशीत राहतो. झाडताना रोज सिमेंटची पूड निघते ती याच घाईची. याउलट ओतून झाल्यावर जे पाणी हवे ते मिळत नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला दहा दिवस ओलावा लागतो, आणि बाजारात घरबांधणीसाठी पीपीसीच जास्त विकले जाते. सकाळी एकदा पाइपने पाणी मारणे पुरेसे नाही. वाळूची आळी बांधून पाणी साठवावे किंवा ओले गोणपाट अंथरावे. शेवटचा हात निरूचा, म्हणजे गुळगुळीत घोटाईचा, नसावा. घोटून चकचकीत केलेली सिमेंटची फरशी पहिल्या पावसात, चिखलाच्या चाकांनी, घसरगुंडी होते. गवंड्याच्या लाकडी रंध्याने सपाट करून ओल्यावरच खराट्याच्या आडव्या रेघा ओढल्या की काम झाले. निर्वात पंपाने जास्तीचे पाणी ओढून घेणारी ट्रिमिक्स पद्धत अधिक चांगली आहे, पण तिची यंत्रे एका गॅरेजसाठी आणणे परवडत नाही. सोसायटीच्या अख्ख्या पार्किंगला ती घ्यावी.

दगडी फरशीचे कोल्हापूरकरांना वेगळेच प्रेम आहे. पंचगंगेचा घाट आणि जुन्या वाड्यांचे चौक काळ्या दगडाचे आहेत. बेसॉल्ट झिजत नाही, आम्लाला दाद देत नाही. मात्र घडणावळ महाग आणि घडवणारे हात कमी झाले आहेत. त्याऐवजी लोक शहाबादी, कोटा किंवा कडप्पा बसवतात. हे तिन्ही चुनखडक आहेत : शहाबादी उत्तर कर्नाटकातून, कोटा राजस्थानातून, कडप्पा आंध्रातून येतो. चुनखडक आम्लात फसफसतो. बॅटरीतून सांडलेले गंधकाम्ल किंवा टाइल धुण्याचे ॲसिड त्यावर पडले की तिथे पांढरट, खरबरीत डाग कायमचा उमटतो. ॲसिडने फरशी धुण्याची सवय असलेल्या घरात हे दगड घालू नयेत. नाहीतर जाड शहाबादी, पूर्ण मसाल्यावर ठोकून बसवलेली, गॅरेजला उत्तम चालते. ती थंड राहते, घसरत नाही आणि एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. जांभा मात्र भिंतीसाठी आणि पायवाटेसाठी ठेवावा; मऊ आणि सच्छिद्र असल्याने चाकाखाली तो झिजतो आणि तेल पिऊन बसतो.

व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे तेलाचे डाग तिच्यावर मुरत नाहीत. पार्किंगसाठी तिचे जाड, खडबडीत प्रकार मिळतात. दिवाणखान्यातून उरलेल्या गुळगुळीत टाइल गॅरेजमध्ये संपवणे धोक्याचे आहे, विशेषतः घरात म्हातारी माणसे असतील तर. टाइलचा खरा दोष बसवण्यात असतो. मागे पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबतात; गोळ्यांच्या मधला भाग पोकळ राहतो आणि चाक किंवा स्टँड नेमके तिथे येते. बसवल्यावर प्रत्येक टाइल लाकडी हातोडीने वाजवून पाहावी. बद्द आवाज आला तर गवंड्यासमोरच ती काढून घ्यावी.

पेव्हर ब्लॉकला आयएस १५६५८ मानकात हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडी व एम ३५ प्रत, मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी व एम ४० प्रत सांगितली आहे. काळ्या मातीवर, ती पूर्ण काढणे शक्य नसेल तेव्हा, हा पर्याय काँक्रीटपेक्षा शहाणपणाचा ठरतो. जमीन हलली तर ब्लॉक उचलून, वाळू सारखी करून तेच पुन्हा बसवता येतात. कडेला काँक्रीटची पक्की पट्टी हवी, नाहीतर गाडी वळवताना ब्लॉक बाहेर सरकतात. भात रोवणीच्या दिवसांत लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी चाके) लावलेला ट्रॅक्टर मात्र यांच्यावर, किंवा खरे तर कोणत्याच फरशीवर, आणू नये. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या भातपट्ट्यात दरवाजाबाहेर मुरमाची वेगळी जागा ठेवणे हाच उपाय.

इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचा) लेप कारखान्यांतून पाहून आता घरांत मागितला जातो. तेल आणि घासणे तो उत्तम सोसतो. पण जमिनीतून वर येणारी ओल त्याला सहन होत नाही, फुगे येऊन तो सुटतो. तापलेल्या टायरलाही तो चिकटून निघू शकतो आणि उन्हात पिवळा पडतो. लेप देण्याआधी प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. खाली थेंब जमले तर इपॉक्सीचा विचार सोडावा. ही चाचणी पावसाळ्यातच करावी, मेमधील कोरड्या जमिनीवर ती फसवी ठरते. नव्या काँक्रीटला २८ दिवस होण्याआधी लेप देऊ नये.

पूररेषेतील घरांचा विचार वेगळाच करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली अशा भागांत पहिले पाणी गॅरेजमध्येच शिरते. पुरात पेव्हरच्या फटींतील वाळू वाहून जाते, टाइलखाली गाळ शिरतो. सलग काँक्रीट धुऊन पुन्हा वापरता येते, मात्र गाळ ओला असतानाच खोऱ्याने ओढावा, वाळला की तो दगडासारखा धरतो. पाणी ओसरल्यावर मोटार आत घेण्याआधी फरशी पहारीने ठोकून पाहावी, कारण खालचा भराव वाहून गेलेला असू शकतो. पूर नसलेल्या भागातही रस्ता दरवेळच्या डांबरीकरणाने चढत जातो, म्हणून फरशी रस्त्यापेक्षा किमान सहा इंच उंच आणि दरवाजात जाळीची आडवी गटार हवी.

तेल सांडले तर पाण्याने न ढकलता लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून टिपावे. गटारीत गेलेले तेल जयंती नाल्यातून पंचगंगेतच जाते. नवे काम दिवाळीनंतर, थंडीत काढावे, ओलावा टिकवणे तेव्हा सोपे जाते. केसाएवढी भेग तशीच राहिली तर तिला हात लावू नये. पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग मात्र जमिनीची असते, वरून सिमेंट भरून ती बुजत नाही. तो चौकोन जोडापर्यंत फोडून, खालची माती बदलून, नव्याने ओतावा लागतो.