स्टिकली यांचे ओंडक्यांचे घर: एक खुलासा

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पार्सिपनीजवळ असलेले क्राफ्ट्समन फार्म्समधील ओंडक्यांचे घर गुस्ताव्ह स्टिकली या फर्निचर निर्मात्याने आपल्या कुटुंबासाठीच बेतले होते, असे अनेक वर्षे सांगितले जाते. ते बरोबर नाही.

या शेतावर मुलांची शाळा काढायची आणि पाहुण्यांसाठी एक सार्वजनिक सभागृह बांधायचे, असा स्टिकलींचा मूळ बेत होता, आणि ही इमारत १९०८ मध्ये त्यांच्याच मासिकात ‘क्लब हाऊस’ म्हणून प्रसिद्ध झाली होती. कुटुंबाचे स्वतंत्र घर टेकडीवर व्हायचे होते, ते कधीच बांधले गेले नाही. शाळाही उभी राहिली नाही आणि अखेर कुटुंबच सभागृहात राहायला आले.

इमारत नीट पाहिली की हे पटते. दोन्ही टोकांना भव्य दगडी शेकोट्या असलेली दिवाणखान्याची लांबलचक खोली आणि एका कुटुंबाच्या गरजेहून कितीतरी मोठे स्वयंपाकघर पाहुण्यांच्या वर्दळीसाठीच आखलेले दिसते. खालच्या मजल्याच्या भिंती चेस्टनटच्या गोल ओंडक्यांच्या आहेत. म्हणून काहीजण याला जुन्या वसाहतवाल्यांची झोपडी समजतात, पण काम १९११ च्या सुमाराचे आहे. स्टिकली १९१५ मध्ये दिवाळखोर झाले आणि दोन वर्षांनी हे शेत विकले गेले.