दम लागतोय? रक्त कमी असेल म्हणून सोडू नका: व्हॉल्व्हच्या आजारामागची गोष्ट

पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला आलेली पंचविशीतली बाई दोन क्रेट उचलले की धापा टाकत खाली बसते, आणि सगळे म्हणतात रक्त कमी असेल, टॉनिक घे. लहानपणी घसा दुखून ताप आलेला का, नंतर गुडघे-घोटे सुजलेले का, हे कुणी विचारतच नाही.

खरं मूळ तिथं असू शकतं. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू झाला आणि औषध पडलं नाही तर काही पोरांना रुमॅटिक फीवर येतो, बहुतेक ५ ते १५ वयात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर अन् हृदयाच्या झडपांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, उठते. सांधे बरे होतात, सगळे विसरतात, पण झडप हळूहळू जाड होत जाते, कडा चिकटतात, वाट अरुंद होते. कित्येक वर्षं काही जाणवत नाही. मग गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं प्रमाण वाढलं की फुप्फुसात पाणी साचतं, नाहीतर हृदयाचा वरचा कप्पा फुगून ठोके अनियमित होतात, आत गुठळी होते, ती मेंदूत गेली की ऐन तरुणपणात लकवा.

यावर इलाज करता येतो हे खूप आधी कळलेलं. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर या सर्जनने एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली, मुलगी वाचली पण पुढे फिजिशियन लोकांनी त्यांच्याकडे दुसरा पेशंटच पाठवला नाही! हे वाचून खरंच वाईट वाटतं. थेट १९४८ मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्केन या सर्जननी हे ऑपरेशन पुन्हा सुरू केलं. १९६० ला स्टार-एडवर्ड्स नावाचा कृत्रिम व्हॉल्व्ह आला, ऐंशीच्या दशकात जपानच्या डॉ. इनोउए यांनी जांघेतून फुगा नेऊन झडप उघडायची पद्धत काढली, आणि १९९० मध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा भारतीय बनावटीचा व्हॉल्व्ह पहिल्यांदा पेशंटला बसला.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र पेनिसिलिनचं इंजेक्शन, रुमॅटिक फीवर होऊन गेलेल्याला दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. ते दुखतं, त्या दिवशीची मजुरी बुडते, पोरगं तर चांगलं खेळतंय म्हणून मधेच सुटतं, आणि पुन्हा घसा धरला की प्रत्येक झटक्याला झडप आणखी खराब होते.