मुदत ३१-०३-३० : साल २०३० की १९३०?

ठेवींची किंवा सभासदांची यादी एक्सेलमधून आमच्या प्रणालीत चढवताना ‘वर्ष चार अंकी हवे’ असा लाल शेरा येतो आणि यादी अडते. इतकी वर्षे दोन अंकी चालले, आताच काय झाले, असे पतसंस्थांमधून आम्हाला विचारले जाते. झाले एवढेच, की २०३० साल जवळ आले.

वर्षाचे दोनच आकडे टाकले की शतक एक्सेल स्वतः ठरवते. त्याचा जुना नियम असा: ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९, आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. त्यामुळे ३१-०३-२९ ही मुदत बरोबर बसते, पण ३१-०३-३० टाकले की ती ठेव १९३० सालीच संपलेली ठरते. आता घेतलेली पाच वर्षांची ठेव नेमकी या रेषेपलीकडे जाते. पडद्यावर मात्र ३१-०३-३० एवढेच दिसत राहते, म्हणून चूक कुणाच्या नजरेत भरत नाही. ती कळते ती व्याज उणे निघाल्यावर.

ही रेषा विंडोजच्या सेटिंगमधून येते, आणि अलीकडच्या बऱ्याच संगणकांवर ती १९५० ते २०४९ अशी सरकलेली असते. तिथे ठेवी वाचतात, पण १२-०६-४५ अशी जन्मतारीख असलेल्या आजी २०४५ मध्ये जन्माला येणार असतात! साहजिकच ज्येष्ठ नागरिकांचे वाढीव व्याज त्यांना लागत नाही. एकच सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर-फाइल) शाखेत एक साल दाखवते आणि मुख्य कार्यालयात दुसरे, त्याचेही कारण बहुधा हेच.

‘मग तुम्हीच योग्य रेषा ठरवून द्या,’ अशीही सूचना येते. रेषा कुठेही ओढली तरी तिच्यात शंभरच वर्षे मावतात. तुमच्या दप्तरात १९२८ साली जन्मलेले, वारसनोंद बाकी असलेले सभासद आहेत आणि २०२८ ला संपणाऱ्या ठेवीही आहेत. दोन्हीकडे ‘२८’च. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरचा हिशेब निराळा: मायएसक्यूएल हे माहितीसाठ्याचे सॉफ्टवेअर ७० पासून विसावे शतक धरते, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ६९ पासून. म्हणून आमची प्रणाली अंदाज करत नाही, यादी परत पाठवते.

यादी पाठवण्यापूर्वी तारखेच्या स्तंभाला फिल्टर लावा. एक्सेल तिथे पूर्ण वर्षांची यादी दाखवते. मुदतीच्या स्तंभात १९३० किंवा १९३१ दिसले की दोष सापडलाच. नुसते फॉरमॅट चार अंकी केल्याने चुकलेले शतक दुरुस्त होत नाही, ते फक्त दिसू लागते. अशा नोंदींत ‘ईडेट’ (EDATE) या सूत्राने १२०० महिने, म्हणजे शंभर वर्षे मिळवा. त्यानंतर सीएसव्ही करताना फॉरमॅट चार अंकीच असू द्या. सीएसव्हीमध्ये पडद्यावर दिसते तेच उतरते, आणि दोन अंकी ठेवले तर केलेली दुरुस्ती तिथेच वाया जाते.

जन्मतारखांना मात्र हे सूत्र सरसकट लावू नका. तिथे केवायसीची कागदपत्रे समोर घेऊन एकेक नोंद तपासावी लागते, आणि त्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी.